‘मशीन चलना’ : दूध संकलन सॉफ्टवेअरच्या तक्रारवहीतून

२ जून २०२५, साखळी

गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या दूध संस्थांमध्ये आपलं संकलन सॉफ्टवेअर (रोजचं दूध नोंदवून बिलं काढणारं) बसलं, त्याला आता वर्ष होत आलं. कोडमध्ये केव्हा काय बदललं ते गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, सापडतं. पण काय बिघडलं हे लोकांनी आपल्याला कसं कळवलं, ते कुठेच सापडत नाही. ते फोनच्या कॉल यादीत आणि व्हॉट्सॲपच्या ढिगाऱ्यात विरून जातं. म्हणून ही वही, फक्त तक्रारींची.

आजची पहिली तक्रार: "मशीन चलना."

बस्स, एवढंच. कोकणीत ‘मशीन चालत नाही’. पाठवणारे केरीच्या बाजूच्या एका संस्थेचे सचिव. त्यांना सगळे भाई म्हणतात, आम्हीही. संकलन केंद्रात मशीन म्हणण्याजोग्या निदान चार वस्तू असतात: काटा, फॅट तपासायचं यंत्र, कॉम्प्युटर आणि पावतीचा प्रिंटर. इन्व्हर्टर धरला तर पाच. भाईंना फोन लावला तर घाटाच्या पायथ्याला रेंज नाही. तोवर सपोर्टच्या मुलाने अंदाजाने तीन उपाय पाठवून दिले होते: कॉम्प्युटर बंद करून चालू करा, प्रिंटरचा कागद बघा, इंटरनेट बघा. भाईंनी बिचाऱ्यांनी तिन्ही केले. बाहेर पाऊस आणि आत कॅन घेऊन उभी असलेली रांग.

दुपारी बोलणं झालं आणि एका वाक्यात उलगडा झाला. "यंत्राच्या डब्यावर फॅट दिसतंय हो, ३.९ दाखवतंय. पडद्यावर येत नाही." म्हणजे यंत्र ठीक आहे, फॅट मोजलं गेलंय, आकडा वाटेत हरवतोय. वाट म्हणजे सिरियल केबल, ती यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर, आणि त्या पलीकडे आपलं सॉफ्टवेअर. मग विचारलं, काल संध्याकाळनंतर टेबलाला कोणी हात लावला होता का? लावला होता. छप्पर गळत होतं म्हणून टेबल सरकवलं, केबल काढली आणि पुन्हा लावताना शेजारच्या भोकात लावली. विंडोजने कन्व्हर्टरला नवा पोर्ट क्रमांक दिला, कॉम ३ चा कॉम ५ झाला, आणि सॉफ्टवेअर कॉम ३ वरच वाट बघत बसलं. सेटिंग बदललं, आकडा आला.

म्हणजे भाईंना सगळं ठाऊक होतं. डब्यावर आकडा दिसतोय हे त्यांनी सकाळीच पाहिलं होतं, टेबल तर त्यांनी स्वतःच सरकवलं होतं. पण ‘चलना’ हा त्यांचा निष्कर्ष होता आणि त्यांनी तोच पाठवला. पाहिलेलं मागे राहिलं.

५ जून

माझ्याबरोबर काम करणाऱ्या डिचोलीच्या सहकारीने तक्रारीसाठी ऑनलाइन फॉर्म केला. मोठमोठ्या प्रकल्पांच्या बगझिलात (सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवायच्या प्रणालीत) असतं तसंच: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, गंभीरता, आणखी बरंच. सगळे रकाने भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मला हे फार वाटतंय. ती म्हणते, बघू तर खरं.

१२ जून

बघून झालं. आलेल्या फॉर्मांत निम्म्या रकान्यांत एकेक टिंब. ‘काय व्हायला हवं होतं’ या रकान्यात एका सचिवांनी लिहिलंय, "नीट चालावं." याला उत्तर नाही. गंभीरतेत सगळ्यांनी ‘अतिगंभीर’ निवडलंय, कारण यादीत तेच सगळ्यात वर होतं. एकाने तर पावतीवरचा संस्थेचा फोन नंबर जुना आहे हेही अतिगंभीर म्हणून कळवलंय.

रकाने मुळात चुकीचे नव्हते. केलेलं, अपेक्षित आणि घडलेलं हे त्रिकूट प्रोग्रामर लोकांत इतकं रुळलंय ते उगीच नाही. पण ती माणसं दिवसभर टेबलापाशी बसून काम करतात. इथे पहाटे एक हात काट्यावर, दुसरा नमुन्याच्या पळीवर. फॉर्म भरला जात नसेल तर फॉर्म बदलायला हवा, सचिव बदलता येणार नाहीत.

ठरलं ते असं. फॉर्म काढून टाकला. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात सॉफ्टवेअरची आवृत्ती, केंद्राचा क्रमांक आणि सेकंदांसकट वेळ छापायची, म्हणजे ती माहिती कोणाला विचारायलाच नको. कॉम्प्युटरच्या बाजूला अर्ध्या पानाचा कागद चिकटवायचा. त्यावर चारच ओळी: पडद्यावर किंवा पावतीवर जे दिसतंय त्याचा फोटो काढा. तुमच्या मते तिथे काय दिसायला हवं होतं ते आकड्यासकट सांगा. याआधी शेवटचं बरोबर केव्हा चाललं आणि त्यानंतर काय हललं-बदललं ते सांगा. आमचा फोन येईपर्यंत काही दुरुस्त करू नका.

हे लिहून किंवा बोलून, कसंही पाठवलं तरी चालेल. बोललेलं आम्ही इथे उतरवून घेऊ.

सहकारीचं म्हणणं, शेवटची ओळ कोणी पाळणार नाही. तीही छापलीच.

१७ जून

काल १ ते १५ जूनची पंधरवड्याची बिलं निघाली आणि आज त्याच केरीकडच्या केंद्रातून फोन. "हिशेब जुळत नाही. अर्जंट."

‘अर्जंट’बद्दल एक टीप इथेच करून ठेवतो. कुठलीच तक्रार आमच्याकडे अर्जंट नसलेली येत नाही, त्यामुळे या शब्दावरून आम्हाला काहीच कळत नाही. त्याऐवजी "उद्या बँकेत यादी द्यायची आहे" एवढं सांगितलं तर आम्ही रात्री बसतो. अडलंय काय आणि कधीपर्यंत, यावर क्रम ठरतो.

तर हिशेब. भाईंचं म्हणणं, काही सभासदांच्या बिलात दूध जास्त लागलंय, काहींच्या कमी. बाकीच्यांचं बरोबर. चूक फक्त बिलाच्या वेळी होते, रोजची पावती बरोबर असते. आणि त्यांचं निदान: "तुमचं सॉफ्टवेअर फॅटमध्ये घोळ करतंय." पाठवलं काय, तर एक्सेलची शीट. त्यांच्या मुलाने घरी बसून तयार केलेली, सभासदाचं नाव आणि फरक. मूळ पावत्या नाहीत, बिलाची प्रत नाही. शिवाय ज्यांचं कमी आलं होतं त्यांच्या नोंदींत भाईंनी हाताने लिटर वाढवून बेरजा जुळवूनही टाकल्या. शेवटच्या ओळीबद्दल सहकारी बरोबर होती.

रात्रीचा बॅकअप सर्व्हरवर होता म्हणून निभावलं. मूळ नोंदी त्यातून काढल्या.

फॅटचा काही संबंध नसावा, कारण फरक लिटरमध्ये आहे. फॅट चुकलं असतं तर रुपये चुकले असते, लिटर नाहीत. पण भाईंना हे ऐकवलं नाही. त्यांचं निदान चुकलं तरी निरीक्षणं तीन दिलीत आणि तिन्ही मोलाची: ठरावीकच सभासद, कधी जास्त कधी कमी, आणि बिलाच्या दिवशी.

१८ जून

भाईंना सांगितलं, शीट राहू दे. ज्यांचं चुकलंय त्यांतल्या एकाच सभासदाच्या १ ते १६ जूनच्या सगळ्या पावत्या जमिनीवर तारखेने मांडा आणि वरून फोटो काढा. एकच माणूस, पण पूर्ण. त्यांना हे पटलं नाही ("इतक्यांचं चुकलंय आणि तुम्ही एकाचं मागता?"), तरी केलं. फोटोत पावत्या उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांना नारळ ठेवलेत.

बेरीज केली. सभासदाच्या पावत्यांप्रमाणे जेवढं दूध होतं त्याहून बिलात ०.६ लिटर जास्त. मग एकेक पावती बिलातल्या ओळीशी ताडून पाहिली. १ जूनची सकाळची पावती, ३.८ लिटर, बिलात नाहीच. आणि १६ जूनची सकाळची, ४.४ लिटर, बिलात आहे. ती पुढच्या पंधरवड्यात जायला हवी होती. ४.४ वजा ३.८, बरोबर ०.६.

दुसरा एक सभासद तपासला. तिथेही तेच, फक्त त्याचं दूध १६ ला कमी होतं, म्हणून बिल कमी आलं. कधी जास्त कधी कमी याचं उत्तर मिळालं. सकाळचं दूध आदल्या दिवसात पडतंय. पण मग सगळ्यांचंच का नाही?

पावत्यांचा फोटो मोठा करून पाहिला. तळाशी नव्याने छापलेली वेळ. चुकलेल्या पावत्यांवर ५:०८, ५:१४, ५:२१. आता बरोबर बिल आलेल्या सभासदांच्या मागवल्या: ५:४०, ५:५२, ६:०५.

सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये आहे, पण त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, चालतं. आपली वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे इथे पहाटे ५:१४ वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे ११:४४. पावती केंद्रातच छापली जाते, स्थानिक वेळेने, म्हणून ती बरोबर. बिलं सर्व्हर काढतो, त्याच्या तारखेने. साडेपाचच्या आत काट्यावर चढलेलं सगळं दूध कालचं.

बाकीची केंद्रं साडेपाचनंतर उघडतात. दुधाचा टेम्पो केरीकडून फिरायला सुरुवात करतो म्हणून हे एकच केंद्र पाचला उघडतं. आणि तिथेही पहिले येणारे कोण, तर दूध घालून पहिल्या कदंबा बसने कामाला जाणारे. म्हणून ठरावीकच सभासद. भाईंच्या तीन निरीक्षणांतली दोन अक्षरशः खरी निघाली. फक्त ‘बिलाच्या दिवशीच चुकतं’ हे तसं नाही. चुकत रोजच होतं, पण पंधरवड्याच्या आत एका दिवसाचं दुसऱ्या दिवशी गेलं तर बेरीज तीच राहते. दिसत होतं फक्त १ आणि १६ तारखेला.

१९ जून

कोडला हात लावण्याआधी खात्री करायची होती. भाईंना म्हटलं, उद्या पहिली पावती निघायच्या आधी फोनवर १९ तारखेचं पान उघडून ठेवा.

२० जून

५:१६ ला व्हिडिओ आला. आज २० तारीख, फोनवर १९ जूनची बेरीज उघडलेली. मागे काट्याची शिट्टी, पावती फाडल्याचा आवाज, आणि १९ जूनची बेरीज ४.२ लिटरने वाढली. आणखी एक कॅन, पुन्हा वाढली. भाईंचा आवाज: "आरे, हें कितें? काल वाढता मरे!" यापेक्षा चांगली तक्रार आजवर कोणी पाठवलेली नाही. वेळ दिसते, तारीख दिसते, कृती दिसते, परिणाम दिसतो, आणि दुसऱ्या कोणालाही हेच करून हेच पाहता येईल. आमच्या टेस्ट सर्व्हरवर ५:२९ आणि ५:३० अशा दोन नोंदी टाकल्या. पहिली काल, दुसरी आज.

दुरुस्ती लहानच होती. साठवताना यूटीसीच राहू दिली, तारखेप्रमाणे गट करताना एशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, लावलं. त्या दोन नोंदी आता कायमच्या चाचणीत घातल्यात. जुन्या बिलांतला फरक काढून यादी भाईंना दिली, ती पुढच्या बिलात वळती होईल. त्यांनी हाताने वाढवलेल्या नोंदी आधी मूळपदावर आणाव्या लागल्या. खरा वेळ त्यातच गेला.

२४ जून

सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. सपोर्टच्या मुलाचे मित्र शिवोलीला, त्यामुळे तोही तिकडेच. फोन बंद. एकच तक्रार, प्रिंटर रिकामा कागद काढतोय. फोटोवरून कागद उलटा बसवलेला दिसला. थर्मल कागदाला छपाई एकाच बाजूला उमटते, नखाने ओढून बघा म्हटलं. झालं.

३ जुलै

होंड्याच्या एका केंद्रातून एकाच ऑडिओत बरंच काही: प्रिंटर हळू चालतो, एका सभासदाचं नाव दोनदा येतं, मागच्या महिन्याचा अहवाल उघडत नाही, आणि रंग जरा डोळ्यांना त्रास देतो. सहकारीने चार वेगळ्या नोंदी केल्या. एकत्र ठेवल्या की तीन सुटल्या तरी चौथीसाठी सगळी नोंद उघडी राहते आणि मग कोणती सुटली हे कोणालाच आठवत नाही. तेवढं काम आम्ही करावं. सचिवांनी आपलं बोलताना आठवेल तसं बोलावं.

अहवाल न उघडण्याबद्दल विचारलं, पडद्यावर काय येतं? "काहीतरी इंग्लिश येतं, मी ओके करून टाकतो." ते ‘काहीतरी’च आम्हाला हवं असतं. कळत नसलं तरी फोटो काढा, विशेषतः त्यातले आकडे. दुसऱ्या दिवशी फोटो आला. डिस्क भरली होती आणि संदेशात तसं सरळ लिहिलेलं होतं.

९ जुलै

डिचोलीकडच्या एका संस्थेचे सचिव म्हणाले, काटा मार खातोय. काट्यावर वेगळं, पावतीवर वेगळं, दहा मिलीचा फरक. त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावून काटा तपासूनही घेतला, पैसे भरले. काटा बरोबर निघाला. फरक तसाच.

फरक पकडला कोणी, तर त्या संस्थेत दूध घालणाऱ्या एका आजींनी. कोणत्या पावत्यांवर फरक होता हे सचिवांना सांगता येईना, "कधीकधी" म्हणाले. आजींना विचारा म्हटलं.

१० जुलै

आजींनी जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब ठेवलाय, त्याच पानाचा फोटो आला. दोनच रकाने. डावीकडे काट्यावर दिसला तो आकडा, उजवीकडे पावतीवरचा. दोन्ही सारखे असले की त्या उजवीकडे नुसती टिकली काढतात. फरक असला तरच आकडा लिहितात. कारण नाही, तक्रार नाही, कोणावर संशय नाही.

उजव्या रकान्यात आकडे असलेल्या ओळी आम्ही वेगळ्या काढल्या:

४.३५ – ४.३४
४.१० – ४.०९
४.६० – ४.५९
४.३५ – ४.३४
४.८५ – ४.८४

आणि टिकल्या असलेल्या: ४.२५, ४.४०, ४.५०, ४.२०, ४.७५. टिकल्यांची बाजू तितकीच महत्त्वाची, हे सहकारी पुन्हा पुन्हा सांगते. कुठे चुकत नाही हे कळल्याशिवाय कुठे चुकतं याला आकार येत नाही. सचिवांनी फक्त चुकलेल्या पावत्या पाठवल्या असत्या तर आम्ही कदाचित काट्याची वायर, वीज, दमट हवा असलंच काहीतरी शोधत बसलो असतो.

इथे ४.३५ नेहमीच चुकतो, ४.२५ कधीच नाही. म्हणजे वीज-हवेचा संबंध नाही, आकड्याचाच आहे. आणि चुकणारे आकडे बघा: ४.१०, ४.३५, ४.६०, ४.८५. प्रत्येकात पावाचं अंतर. सहकारीने आजींचं पान स्क्रीनशेजारी टेकवून ठेवलं आणि कोडमधली एक ओळ चालवून दाखवली. ४.३५ गुणिले १००, उत्तर ४३५ नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४. कॉम्प्युटर हे अपूर्णांक द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतो. ४.२५ म्हणजे सव्वाचार, ते तिथे नेमके बसतात. ४.३५ बसत नाहीत, केसभर कमी पडतात. लिटरचे शतांश करताना कोड दशांशचिन्हापुढचं सगळं छाटून टाकत होता, म्हणून ४३४ उरले. ४.४० दुसऱ्या बाजूला केसभर जास्त पडतात, छाटल्यावर ४४० च राहतात, म्हणून तिथे टिकली.

हे सगळ्याच केंद्रांत होत होतं. दहा मिली, लिटरला ४० रुपये धरले तर ४० पैसे. एवढ्यासाठी पावती निरखून कोण बघतो? आजी बघत होत्या.

आता दूध सगळीकडे मिलिलिटरमध्ये, पूर्णांकात ठेवलं. चाचणीत आजींचं अख्खं पान घातलंय, टिकल्यांसकट. मागच्या नोंदींमध्ये राहिलेला फरक सभासदवार काढून संस्थांना कळवला. आजींना सचिवांमार्फत नाही, थेट फोन करून सांगितलं. ज्याने कळवलं त्याला पुढे काय झालं ते कळलं नाही तर तो पुढच्या वेळी कळवत नाही. आजींनी एवढंच विचारलं, "मग काट्यावाल्याचे पैसे कोण देणार?" सचिवांच्या अंगावर आलंय ते.

२२ जुलै

आज आम्ही तक्रार करणाऱ्यांच्या बाजूला. पावतीच्या मथळ्यातलं ‘शेतकऱ्याचे नाव’ नव्या आवृत्तीत ‘शेतकर्याचे नाव’ असं छापलं जातंय. अर्ध्या ऱ चं रफार होऊन य च्या डोक्यावर चढलंय. आमच्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी नाहीच, आम्ही ओळीचं चित्र करून छापतो. ते चित्र बनवणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, मुक्त स्रोताची आहे, आमची नाही. चूक तिच्या नव्या आवृत्तीत.

पहिला मसुदा सपोर्टच्या मुलाने लिहिला: "मराठी नीट छापलं जात नाही." वाचून सगळे हसले, तोही. ‘मशीन चलना’च की ही.

अडचण अशी की ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांना देवनागरी वाचता येत असेल असं धरून चालता येत नाही. दोन्ही चित्रं त्यांना सारखीच दिसतील. म्हणून असं केलं. आपलं सगळं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून, फक्त ती लायब्ररी बोलावणारा आणि ‘ऱ्य’ एवढंच छापणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रिंटरही काढून टाकला, चित्र फाईलमध्ये घेतलं. तरी चूक दिसते, म्हणजे प्रिंटर सुटला. जुन्या आवृत्तीवर तोच प्रोग्राम चालवला, चूक नाही. बरोबर आणि चूक अशी दोन चित्रं शेजारी, चुकलेल्या जागी लाल वर्तुळ. ऱ हे युनिकोडमध्ये ०९३१ असं एक अक्षर आहे आणि ०९३० अधिक नुक्त्याचं (अक्षराखालच्या टिंबाचं) ०९३सी अशी त्याची फोडही ग्राह्य आहे. आमचा अंदाज असा की नवी आवृत्ती आधी फोड करते आणि मग नुक्ता गाळते, म्हणून साधा र उरतो. हा अंदाज शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, ‘अंदाज’ असं लिहूनच. चुकला तर वरच्या मजकुराला धक्का लागू नये.

पाठवण्याआधी सहकारीने सोबतची नमुना पावती थांबवली. त्यावर खऱ्या सभासदाचं नाव आणि बँक खात्याचे शेवटचे आकडे होते. तक्रारी सगळ्या जगाला दिसतात. नाव ‘क ख ग’ केलं, खात्याच्या जागी शून्यं. हे सचिवांच्या कागदावरही घालायला हवं: फोटोत पासबुक किंवा आधार येऊ देऊ नका.

५ ऑगस्ट

लायब्ररीवाल्यांचं उत्तर आलं. आमचा प्रोग्राम त्यांच्याकडे चालला, चूक दिसली. नुक्त्याबद्दलचा अंदाज अर्धा बरोबर: फोड होते हे खरं, पण नुक्ता गाळला जातो तो फोड करणाऱ्या कोडमध्ये नाही, अक्षरांची रुंदी मोजणाऱ्या वेगळ्याच भागात. तिथे त्यांनी दुरुस्ती केली आणि आम्हालाच तपासायला सांगितलं. तपासली, ‘शेतकऱ्याचे’ नीट आलं. मग मुद्दाम ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोल्ह्याचे’, ‘सूर्य’ असे आणखी शब्द घालून पाहिले. ‘सूर्य’चं रफार जागेवर हवं आणि ‘दऱ्या’चं येता कामा नये. दोन्ही ठीक. तसं कळवलं.

१४ ऑगस्ट

पाच-सहा केंद्रांतून एकच तक्रार: सकाळी लॉगिन होत नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसलो नाही. कारण एकच, सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. एकीचीच नोंद ठेवली, बाकीच्या तिला जोडल्या. पण जोडताना सगळ्यांच्या वेळा टिपल्या, त्यावरूनच नेमकं केव्हापासून बंद होतं ते कळलं. पुन्हा तीच तक्रार आली म्हणून वैतागायचं नाही, हे सपोर्टच्या मुलाला सांगावं लागलं.

२३ ऑगस्ट

चवथ (गणेश चतुर्थी) २७ ला. सगळ्या संस्थांना बिलं त्याआधी हवीत, माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार करायचाय. त्यामुळे नवीन आवृत्ती चवथीनंतरच.

एक तक्रार उघडी आहे आणि तिचं काय करावं कळत नाही. वाळपईजवळच्या केंद्रात अधूनमधून एखादी पावती छापलीच जात नाही. नोंद होते, पावती येत नाही, पुढची नीट येते. आमच्याकडे एकदाही घडवून आणता आलेली नाही. तिथल्या पावत्या कापणाऱ्या मुलाने आपणहून वही घातलीय आणि ती दर रविवारी फोटो काढून पाठवतो. वेळ, सभासद क्रमांक, त्याच्या आधीची पावती कोणाची होती, दिवे होते की इन्व्हर्टर. ‘कधीकधी होतं’ या तक्रारीला दुसरा इलाज नाही, घडेल तेव्हा आजूबाजूचं टिपत राहायचं. आतापर्यंतच्या ओळींत एक गोष्ट डोळ्यांत भरते: न आलेल्या बहुतेक पावत्या वीज गेल्याच्या मिनिटभरातल्या आहेत. बहुतेक, सगळ्या नाहीत. दोन ओळींत वीज चालूच होती, तसं त्याने स्वच्छ लिहिलंय. त्या दोन वगळल्या असत्या तर इन्व्हर्टरवर ठपका ठेवून मोकळे झालो असतो.

त्याला आता आणखी एक रकाना घालायला सांगितलाय: त्या वेळी प्रिंटरवरचा हिरवा दिवा लागलेला होता, लुकलुकत होता की विझलेला. सपोर्टचा मुलगा सोमवारी तिकडे जातोय, जाताना दुसरी यूएसबी केबल घेऊन जाईल. बदलायची फक्त केबल, प्रिंटर तोच ठेवायचा.